अथणीच्या माळावर फगा येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. अथणी तालुक्यात चुनखडीचा दोन एकर माळ आहे. भाऊ कुवेतला नोकरीला. तिथं हिवाळ्यात ‘फगा’ नावाचा बटाट्यासारखा गोळा चढ्या भावानं विकतात. वाळवंटात येतो, तर आमच्या माळावर का येऊ नये? ऑनलाइन ‘ट्रफल स्पॉन’ची, म्हणजे बुरशीच्या बियाण्याची, पाकिटं मिळतात, ती आणून लावावीत का? आणि खानापूरकडच्या निलगिरीच्या रानात पावसाळ्यात जमिनीतून वर येणारे गोळे तेच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. नाही, ते फगा नव्हेत. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत दिसणारे गोळे बहुतेक दोन जातींचे असतात. एक स्क्लेरोडर्मा: पिवळसर तपकिरी, वरून खवल्यांचा, हाताला टणक, अर्धा जमिनीत रुतलेला, बुडाशी मुळांसारख्या दोऱ्यांचा झुबका. कोवळा असताना कापला तर आत पांढरा दिसतो आणि इथंच माणूस फसतो. चार दिवसांनी तोच गोळा आतून जांभळट काळा होतो आणि भोवती जाड पांढरी साल राहते. हा विषारी आहे. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा आणि दरदरून घाम सुटतो. दुसरा पिसोलिथस: कापला तर आत बारीक दाण्यांसारखे कण रचून ठेवल्यासारखे दिसतात आणि पिकल्यावर सगळ्याची तपकिरी भुकटी होते. तोही खायचा नाही. कुणी चुकून खाल्लंच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि उरलेला गोळा कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कुजतो आणि मग ओळखता येत नाही.

या गोळ्यांत एक शिकण्यासारखी गोष्ट मात्र आहे. ते निलगिरीखालीच येतात, शेजारच्या उसाच्या बांधावर येत नाहीत. त्या बुरशीचं बिऱ्हाड निलगिरीच्या मुळांवर असतं, ऊस तिला चालत नाही. फग्याचंही तसंच आहे, फक्त त्याचं झाड वेगळं.

फगा हा कंद नाही, बुरशीचं जमिनीखाली येणारं फळ आहे. आखातात दोन मुख्य प्रकार विकले जातात. ‘झुबैदी’ पांढरा, मोठा आणि सगळ्यात महाग. त्याचं शास्त्रीय नाव टिरमानिया निव्हिया. ‘खलासी’ तांबूस तपकिरी, म्हणजे टर्फेझिया क्लावेरी. सीरिया-इराकमध्ये यांना ‘कमा’ म्हणतात, मोरोक्को-अल्जीरियात ‘तरफास’. फ्रान्स-इटलीच्या महागड्या काळ्या-पांढऱ्या ट्रफलचं कुळ वेगळं. ती ओक, हेझलसारख्या मोठ्या झाडांच्या मुळांवर येतात. वाळवंटी ट्रफलचं यजमान झाड म्हणजे हेलिअँथेमम नावाचं वीत-दोन वीत उंचीचं काटक झुडूप. आखातात हेलिअँथेमम लिप्पी हे बहुवर्षायू झुडूप आहे, अरबीत त्याला ‘रकरूक’ म्हणतात. सॅलिसिफोलियम आणि लेडिफोलियम या जाती एका हंगामाच्या, पावसावर उगवून उन्हाळ्याआधी वाळणाऱ्या. स्पेनमध्ये आल्मेरिएन्स नावाची जात आहे. तिकडचा जाणता माणूस फगा शोधायला निघतो तेव्हा आधी ही झुडपं कुठं आहेत ते बघतो. झुडूप नाही तिथं तो उकरत बसत नाही.

या दोघांचा व्यवहार अर्धेलीनं जमीन करण्यासारखा आहे. झुडूप उन्हात साखर तयार करतं आणि मुळांवाटे बुरशीला देतं. बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्यानं मुळं जिथं शिरू शकत नाहीत अशा फटींतून पाणी, स्फुरद आणि नत्र आणून झुडपाला देतात. बुरशी जोडलेलं झुडूप पाण्याच्या ताणात जास्त काळ तग धरतं, हे स्पेनमधल्या प्रयोगांत मोजून दाखवलेलं आहे. त्यातला एक बारकावा इथं उपयोगी पडेल. प्रयोगशाळेच्या बाटलीत बुरशी मुळाभोवती आवरण करते आणि पेशींच्या मधल्या फटींत जाळं विणते. रानातल्या रोपात ती आवरण करत नाही, सरळ पेशींच्या आत शिरते. कुंडीत दोन्ही प्रकार दिसतात. माती जितकी कोरडी, तितकी ती आत शिरून राहण्याकडे कल. म्हणून रोपांची मुळं तपासताना फक्त बाहेरून पांढरा लेप शोधत बसलात, तर चांगलं जोडलेलं रोप नापास कराल.

आता पाकिटांबद्दल. धिंगरी आणि बटण अळंबी मेलेल्या पदार्थावर जगतात, म्हणून त्यांचं स्पॉन कडब्यात किंवा सोयाबीनच्या भुसात मिसळलं की पीक येतं. टर्फेझियाची बुरशी प्रयोगशाळेत हळूहळू वाढते, पण जिवंत मुळाशिवाय ती फळ धरत नाही. तेव्हा ‘जमिनीत टाका, ट्रफल काढा’ म्हणणारं पाकीट, आत काहीही असलं तरी, तुमच्या माळावर निरुपयोगी आहे. कृषी सेवा केंद्रात द्राक्षासाठी, डाळिंबासाठी मिळणारं ‘मायकोरायझा’ही ते नव्हे. ती वेगळ्या कुळाची बुरशी आहे; ज्वारी, ऊस, द्राक्ष, तूर यांच्या मुळांत ती राहते, त्यांना उपयोगी पडते, पण गोळा धरत नाही. उलटही तेवढंच खरं: ज्वारीच्या किंवा द्राक्षाच्या मुळांवर टर्फेझिया बसत नाही. तुमच्या शिवारात आज जे जे उभं आहे, त्यातलं एकही झाड फग्याचं यजमान नाही. हेलिअँथेमम आपल्या भागात रानात उगवत नाही.

हेलिअँथेममच्या कुळाचं एक नातलग कुळ मात्र भारतात आहे, ते म्हणजे शाल वृक्षाचं. झारखंडचा ‘रुगडा’ आणि बस्तरचा ‘बोडा’ शालाच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीचेच गोळे. पण आपल्याकडे शाल नाही, त्यामुळं ती वाटही बंद. खानापूर-चंदगडकडची वारुळावरची अळंबी हे आणखी वेगळं प्रकरण. ती झाडाची नाही, उधईची भागीदार आहे. उधई वारुळात तिची शेती करते, म्हणून ती अळंबीही कुणाला वाफ्यात लावता येत नाही.

झाड नाही ही पहिली अडचण. ती निदान प्रयत्नानं सुटेल. दुसरी अडचण पंचांगाची, आणि ती जास्त अवघड आहे.

कुवेतला वर्षाला साधारण ११०-१२० मिमी पाऊस पडतो, तोही सगळा थंडीच्या महिन्यांत. तिकडचा ‘वस्म’ हा काळ साधारण १६ ऑक्टोबरला लागतो आणि ५२ दिवस चालतो. त्याचे चार भाग चार ताऱ्यांवर मोजतात आणि त्यातला एक तारा ‘सिमाक’, म्हणजे आपली चित्रा. आपल्यासारखाच नक्षत्रांवर पाऊस मोजायचा रिवाज तिकडेही आहे. वस्मात चांगला पाऊस झाला तर त्या वर्षी फगा, नाही तर नाही. नंतर जानेवारीत कितीही पडला तरी ती कसर भरून निघत नाही. ‘गडगडाट झाला की फगा येतो’ असं तिथं म्हणतात आणि त्याला ‘मेघगर्जनेची मुलगी’ असंही नाव आहे. आपल्याकडे अळंबीबद्दल लोक हेच बोलतात. गडगडाटानं बुरशी जागी होत नाही. गडगडाटासोबत जो जोराचा, जमीन खोलवर भिजवणारा पाऊस येतो, तो तिला लागतो.

तारखांमागचं कारण नीट बघा. मे ते सप्टेंबर तिकडची वाळू करपलेली असते आणि झुडूप पानं गाळून निपचित पडलेलं असतं. त्यानंतर पहिल्या भिजण्यात झुडपाला पालवी आणि नवी मुळं फुटतात, एका हंगामाच्या जातींचं बी उगवतं, आणि त्या ताज्या मुळांना बुरशी जोडली जाते. पुढचे तीन महिने थंड असतात, पाणी थोडं पण टिकून. त्या ओलीवर गोळे आधी टाचणीच्या टोकाएवढे धरतात, मग फुगतात, आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल काढणी होते. गोळे दोन-चार बोटांपासून वीतभर खोलीवर असतात. वरची माती फुगते, तडकते, त्यावरून ते सापडतात.

अथणीचा हिशोब याच्या उलटा. वर्षाचा पाऊस साधारण ५००-६०० मिमी, म्हणजे कुवेतच्या चौपट-पाचपट. तो मृगापासून हस्त-चित्रापर्यंत पडतो. ज्या महिन्यांत झुडपानं वाळलेल्या मातीत झोपायचं, त्या महिन्यांत तुमची माती ओली आणि उबदार असते. ओल्या उबेत हेलिअँथेममचं मूळ कुजतं आणि मातीतल्या इतर बुरश्यांना रान मोकळं मिळतं. आणि जेव्हा त्याला पाणी हवं, तेव्हा आपला पाऊस परतलेला असतो. वर गारव्याचा फरक आहे. कुवेतला जानेवारीत दुपारी १९-२० अंश आणि रात्री ८ च्या आसपास तापमान असतं. अथणीला त्याच दिवसांत दुपार २९-३० ला जाते. पाणी तुम्ही ठिबकनं देऊ शकता, पाऊस छपरानं अडवू शकता. दुपारचे ते दहा अंश उघड्या रानात कमी करता येत नाहीत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: छपराखाली झुडूप जगवणं जमेल, मुळांवर बुरशी बसवणंही जमेल, गोळा धरण्याची शक्यता मात्र कमी. दोन एकर यात घालू नका. चोवीस झुडपांचा एक वाफा करून बघायला हरकत नाही.

जमिनीबद्दल तुम्ही चुनखडीचा उल्लेख केलात, तो योग्य आहे. टर्फेझिया क्लावेरी आणि टिरमानिया यांना चुन्याची, विम्ल माती लागते, सामू ७.५ ते ८.५. स्पेन-पोर्तुगालच्या आम्लधर्मी वाळूत येणारी टर्फेझिया अरेनारिया नावाची वेगळी जात आहे, तिचं झुडूपही वेगळं. खानापूर-जांबोटीची तांबडी आम्ल माती बघून कुणाच्या मनात ती जात येईल, पण तिथल्या पावसापुढं तो विचार सोडून द्यावा. तुमच्या बाजूचा सामू जुळतो, पोत जुळत नाही. काळ्या जमिनीत निम्म्याहून अधिक चिकणमाती असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, आणि त्या भेगांत बारीक मुळं आणि तंतू दोन्ही तुटतात. शिवाय वरून भिजली की आत हवा राहत नाही. फग्याची जमीन वाळूची किंवा पोयट्याची, सेंद्रिय अंश नावाला, स्फुरद अगदी कमी. वर्षानुवर्षं डीएपी खाल्लेलं रान यासाठी बाद समजा. मुळाला स्फुरद आयतं मिळालं की झुडूप भागीदाराला साखर द्यायचं कमी करतं. कधी न कसलेला मुरमाड माळ असेल तर तोच निवडा आणि माती तपासून घ्या: सामू, क्षारता, मुक्त चुना, उपलब्ध स्फुरद. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात ही तपासणी होते.

बी आणि बुरशी आणण्याचा मार्ग आधी समजून घ्या. भावानं खिशात बी घालून आणायचं नाही. परदेशी बियाणं, जिवंत बुरशी आणि माती यांच्यावर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाचे निर्बंध आहेत. आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आदेशाच्या यादीत नसलेल्या वनस्पतीसाठी आधी कीडजोखमीचं विश्लेषण होतं. एकट्या शेतकऱ्याला हे जड जातं, म्हणून विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला सोबत घेऊन अर्ज करणं शहाणपणाचं. बागेसाठी ‘रॉक रोझ’ म्हणून विकलं जाणारं हेलिअँथेमम थंड हवेच्या युरोपातलं असतं, ते अथणीचा मे महिना काढणार नाही. लिप्पी किंवा आल्मेरिएन्सच मागा. आणि खाण्यासाठी मिठाच्या पाण्यात उकळून आणलेला किंवा डब्यातला फगा बीज म्हणून उपयोगाचा नाही, उकळल्यावर बीजाणू मरतात. पूर्ण पिकलेला, वास सुटलेला गोळा पातळ चकत्या करून ३५-४० अंशांच्या वर न जाता वाळवलेला असावा.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. हे बी १५-२० अंशांच्या गारव्यात उगवतं. ऑगस्टमध्ये घाई केली तर निम्मं बी कुजतं. बी मिलिमीटरभराचं आणि कवच इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. दोन बारीक पॉलिश पेपरांच्या मध्ये धरून हलक्या हातानं २०-३० सेकंद घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढून पेरा. न फुगलेलं पुन्हा घासा. जोरानं घासलं तर आतला अंकुर चिरडतो आणि ते बी फुगूनही उगवत नाही, उलट बुरसतं.

मिश्रणासाठी सहा भाग धुतलेली वाळू, तीन भाग माळाची चाळलेली चुनखडीची माती आणि एक भाग धुतलेलं कोकोपीट घ्या. दर लिटरला १० ग्रॅम कच्च्या चुनखडीची भुकटी मिसळा. भाजलेला चुना किंवा फक्की नको, तिनं सामू एकदम चढतो आणि कोवळी मुळं जळतात. पिंपात वाफेवर ८०-९० अंशांना तासभर, एक दिवस सोडून पुन्हा एकदा, असं मिश्रण निर्जंतुक करा. दोनदा यासाठी की पहिल्या वाफेला चिवट बीजाणू मरत नाहीत, ते रुजायला लागल्यावर दुसऱ्या वाफेत मरतात. शेणखत, गांडूळखत, जीवामृत यातलं काहीही घालू नका. सेंद्रिय शेती करणाऱ्याला हे खटकेल, पण इथं त्या सगळ्यातून स्फुरद आणि परक्या बुरश्या दोन्ही आत येतात. भांडं १५ सेंटीमीटरपेक्षा खोल आणि उभ्या खाचांचं घ्या. सोटमूळ तळाशी गोल फिरलं की ते झाड वाफ्यात दुसरा उन्हाळा काढत नाही.

बुरशी जोडायची ती जानेवारीत, रोप दोन महिन्यांचं झाल्यावर. १० ग्रॅम वाळल्या चकत्या एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात बारा तास भिजवा, मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवा आणि सतत ढवळत दर रोपाला ५० मिली द्या. रोपाच्या बाजूनं पेन्सिलीनं बोटभर खोल दोन-तीन भोकं पाडून त्यात ओता. वरून ओतलं तर बीजाणू पृष्ठभागावरच अडकतात. चाळीस रोपांना दोन लिटर पुरतं. पाच रोपं बुरशी न देता वेगळी ठेवा. पुढं तुलनेला तीच कामी येतील. या काळात मर रोगाच्या भीतीनं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करायची नाही, त्यात तुमची बुरशीही जाते. पाणी कमी, हवा खेळती आणि वर पसरलेला बारीक वाळूचा थर, एवढ्यावर मर आटोक्यात राहते.

रोपं उन्हाळाभर ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. माती दोन बोटं खोल कोरडी झाल्यावरच पाणी. मे महिन्यात पानं गळाली तर घाबरून पाणी वाढवू नका. हे झुडूप ताणात पानं टाकतं, तोच त्याचा स्वभाव. नखानं फांदी खरवडली आणि आत हिरवी दिसली तर ते जिवंत आहे. बहुतेक झुडपं उन्हानं मरत नाहीत, या दिवसांत दयेपोटी घातलेल्या पाण्यानं मरतात.

सप्टेंबरात मुळं तपासा. प्रत्येक चार-पाच रोपांमागे एकाची बारीक मुळं कापून धुवा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात रंग जाईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास ठेवा, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात पाच मिनिटं उकळा आणि व्हिनेगरच्या पाण्यात धुवा. जवळच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट करून बघा. तंतूंना आडवे पडदे असतील आणि पेशींच्या आत वेटोळी दिसत असतील, तर आशा धरा. पडदे नसलेले तंतू आणि पेशीत झुडपासारखी फांद्यांची रचना दिसली, तर ती ज्वारी-उसावाली बुरशी घुसली आहे. मुळांचे शंभर तुकडे मोजा. तीसपेक्षा कमी तुकड्यांत बुरशी दिसली तर ते रोप वाफ्यात घालू नका. ती टर्फेझियाच आहे हे मात्र डोळ्यांनी ठरत नाही, त्यासाठी डीएनए तपासणी लागते.

वाफा ७.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. ६० सेंटीमीटरवर दोन ओळींत चोवीस रोपं. जमिनीच्या वर दगडाच्या कडा बांधून खाली १५ सेंटीमीटर खडी, त्यावर ४० सेंटीमीटर वाळू-मातीचं तेच मिश्रण, पण कोकोपीटशिवाय. एवढ्या मिश्रणाला सव्वा ब्रास माल लागतो. खाली काळी जमीन असेल तर तळाला उतार द्या, नाही तर खडीत पाणी साचून वाफ्याची टाकी होते. वर दोन मीटर उंचीवर पारदर्शक कागदाचं छप्पर, बाजू उघड्या. वळवाच्या आधी, मेच्या मध्यापासून १० ऑक्टोबरपर्यंत छप्पर चढलेलं हवं. वाफ्याभोवती चर खणा, नाही तर छपरावरून गळलेलं पाणी कडेनं आत शिरतं.

लागवड ऑक्टोबरच्या मध्याला, तिकडचा वस्म लागतो त्याच सुमारास. पहिलं भिजवण दणकून द्या, ४० मिमी, म्हणजे या वाफ्याला साधारण ३५० लिटर, दोन दिवसांत विभागून. नंतर जानेवारीअखेरपर्यंत दर १२ ते १५ दिवसांनी १५ मिमी, म्हणजे १३० लिटर. वाफसा मोडू द्यायचा नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तीन-चार आठवड्यांनी एकदा ८०-८५ लिटर पुरे. कृष्णाकाठच्या बोअरचं खारं पाणी असेल तर ते टाळा. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असलेलं पाणी घ्या किंवा छपराचंच पावसाचं पाणी टाकीत साठवा. तण हातानं उपटा, खुरपं खोल घालू नका, कारण तंतू वरच्या चार बोटांतच जास्त असतात. जवळ ऊस असेल तर हुमणीवर लक्ष ठेवा. तिच्या अळ्या बारीक मुळं खातात आणि वरून झुडूप फक्त पाण्याला आल्यासारखं दिसतं. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करून मारले की बराचसा प्रश्न मिटतो.

उन्हाळी पावसाच्या प्रदेशातही एक वाळवंटी ट्रफल आहे, हे इथं सांगायला हवं. बोत्सवाना-नामिबियाच्या कलहारीत कलहारिट्युबर फायली नावाची जात येते. तिथला पाऊस आपल्यासारखा गरम महिन्यांतला, आणि गोळे पाऊस संपल्यावर, कोरड्या थंडीच्या तोंडावर सापडतात. तिच्या यजमानांत कलिंगडाचं नाव १९९९ साली मुळांच्या रेणवीय तपासणीतून पुढं आलं. अथणी-रायबागला कलिंगड नवं नाही, त्यामुळं पंचांगाच्या दृष्टीनं ही जात आपल्याला जास्त जवळची वाटते. पण तिची जमीन म्हणजे लाल वाळूचा खोल थर, आणि रोपांना जोडून पीक घेण्याची खात्रीची पद्धत तिच्यासाठी अजून बसलेली नाही. एखाद्या विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय हवा असेल तर हा घ्यावा. शेतकऱ्यानं यावर पैसे लावू नयेत.

टर्फेझिया क्लावेरीची पद्धत मात्र बसलेली आहे. स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली आल्मेरिएन्सची बुरशी जोडलेली रोपं शेतात लावली आणि २००१ मध्ये पहिले गोळे मिळाले. तिथली हवा त्याला अनुकूल होती. तुम्ही लागवडीपासून तिसऱ्या फेब्रुवारीपर्यंत वाट बघा. तोवर काही आलं नाही आणि मुळांतली बुरशीही दहा-पंधरा टक्क्यांवर उतरली असेल, तर वाफा मोडा.

जानेवारीपासून रोज सकाळी ऊन तिरपं असताना वाफा बघा, तेव्हा मातीचा बारीक फुगवटाही सावली टाकतो. चांदणीसारखी तडकलेली माती दिसली तर बोटांनी बाजूची माती सारा, गोळा हलकेच फिरवून काढा आणि खळगा त्याच मातीनं झाका. आणि पहिला गोळा तोंडात घालू नका. उभा कापा. आत फिकट किंवा गुलाबीसर गर आणि त्यातून पांढऱ्या शिरांचं जाळं दिसलं, तर तो फगा असू शकतो. आत टोपीची नि देठाची आकृती दिसली तर ती विषारी छत्रीची कळी. जाड सालीच्या आत काळपट भुकटी दिसली तर तो निलगिरीवाला. अर्धा गोळा वाळवून विद्यापीठात ओळखीसाठी द्या, उरलेला अर्धा वाफ्यातच मुळांजवळ पुरून ठेवा.